शाळेच्या पातेल्यात कुणाचं धान्य शिजतं?

पोस्ट लांब आहे, आधीच सांगून ठेवतो. घाई असेल तर रात्री निवांत वाचा.

परवा आमच्या तालुक्याच्या गावी कृषी मेळावा होता. त्यात एका पुढाऱ्याने भाषणात जाहीर केलं, की जिल्ह्यातल्या प्रत्येक सरकारी शाळेत पोरांना ताजं, सेंद्रिय, विषमुक्त अन्न देणार. टाळ्या पडल्या, फोटो झाले, बातमीही लागली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त केंद्रप्रमुख बसले होते. ते हळूच म्हणाले, "अहो, आधी भाजीपाल्याचे पैसे वेळेवर द्या म्हणावं."

सेंद्रिय अन्नाला माझा विरोध नाही, उलट आहेच बाजू. पण शाळेतल्या जेवणाचा शंभर वर्षांचा इतिहास काढून बसलं की एक गोष्ट सारखी समोर येते. पोरांच्या ताटात काय पडावं हे पोरांची भूक बघून क्वचितच ठरलं. कुणाच्या गोदामात काय जास्त झालंय, यावर ते बहुतेक वेळा ठरलं. शाळेच्या कुंपणाला लागून ज्याचं रान आहे, त्या शेतकऱ्याचा माल त्या पातेल्यात कधी गेला आणि कधी नाही, एवढंच शोधत आज जाऊ.

सुरुवात आपल्या घरातून करू. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. १९२७ मध्ये गांधीजी आले, त्यांच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. धनिणीच्या बागेतलं ते बोर्डिंग. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीत बसायची, त्या काळात हीच केवढी मोठी गोष्ट. पण आज मला त्यातली दुसरी बाजू सांगायची आहे. एवढ्या पोरांना खाऊ काय घालायचं? सरकारी योजना नाही, गोदाम नाही, कंत्राटदार नाही. लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही गेलं, हे आपण भाषणांत दरवर्षी ऐकतो. पण दागिने एकदाच मोडता येतात. रोजचं जेवण चालायचं ते दोन गोष्टींवर. एक, गावोगावचा मुष्टिफंड, म्हणजे घरटी मूठभर धान्य. दुसरं, पोरांनी स्वतः केलेली कामं. रानात काम करायचं, भाजीपाला लावायचा, पाणी ओढायचं, स्वयंपाकाला हात लावायचा. 'कमवा आणि शिका' हे आज कॉलेजात ग्रंथालयाची पुस्तकं लावण्यापुरतं उरलंय, तेव्हा त्यात खुरपं होतं.

म्हणजे बघा, त्या बोर्डिंगात जे शिजायचं ते दहा-वीस कोसांतलंच असायचं. ज्वारी, बाजरी, मटकी, हुलगे, मोसमात येईल ती पालेभाजी. खत म्हणजे शेणखत. त्याला कुणी 'सेंद्रिय' म्हणत नव्हतं, कारण दुसरं काही नव्हतंच. पोट नेहमी भरायचं असं मुळीच नाही. मी त्या काळाला सोन्याचा मुलामा देणार नाही. पण धान्य कुणाचं आहे हे पोराला माहीत होतं.

तिकडे वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात शिक्षण परिषद झाली, त्यातून नई तालीम निघाली. सेवाग्रामच्या शाळेत सूत कातणं सगळ्यांना आठवतं, पण भाजीचे वाफे, खताचा खड्डा आणि स्वयंपाकघर हेही तिथले 'विषय' होते. किती किलो भाजी निघाली, किती जणांना पुरली, हे गणित. खड्ड्यात पाला कुजतो कसा, हे विज्ञान. स्वातंत्र्यानंतर सरकारने नई तालीमला हार घातला आणि फळा-खडूची शाळा तशीच पुढे चालू ठेवली.

सरकारी पैशातून शाळेत जेवण देण्याचा पहिला मोठा प्रयोग दक्षिणेतला. मद्रास महापालिकेने १९२० मध्ये थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत जेवण सुरू केलं. जस्टिस पक्षाचे त्यागराय चेट्टी तेव्हा पालिकेचे अध्यक्ष. अट अशी, की पोरामागे दिवसाला एक आण्यापेक्षा जास्त खर्च करायचा नाही. हजेरी वाढली, पोरं टिकली. पण प्राथमिक शिक्षणाच्या पैशातून जेवणाचा खर्च चालणार नाही असं ब्रिटिश सरकारने सांगितलं आणि १९२५ मध्ये ते बंद पडलं. पुढे १९५६ मध्ये कामराजांनी ते पुन्हा धरलं, १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ते मोठं केलं. आज तामिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी ताटात अंडं असतं. हे लक्षात ठेवा, अंड्यावर पुन्हा यायचंय.

आता मधला काळ. हा आपल्या आईवडिलांच्या पिढीला पाठ आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत धान्य आणि दूध उदंड झालं. १९४६ मध्ये तिथे शाळेतल्या जेवणाचा कायदा झाला. त्याची दोन कारणं कायद्यातच लिहिली होती. मुलांचं आरोग्य हे एक, आणि देशातल्या शेतमालाला खप मिळवून देणं हे दुसरं. दोन्ही उघड सांगितली, यात लबाडी काही नाही. १९५४ मध्ये पीएल ४८० आलं आणि ते उरलेलं धान्य जगभर निघालं. आपल्याकडे गहू आला, दुधाची भुकटी आली. 'केअर' आणि 'युनिसेफ' यांच्या मार्फत ती शाळांतही पोचली. साठीच्या आतबाहेरच्या माणसांना विचारा. शाळेत मोठ्या पातेल्यात भुकटीचं दूध कालवायचं, पोरांनी घरून पेला आणायचा, त्या दुधाचा वास अजून त्यांच्या नाकात आहे. मग १९७२ चा दुष्काळ. लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी. आमच्याकडे आजही एखादं अन्न बेचव लागलं तर म्हातारी माणसं "काय मिलो शिजवलीय का?" म्हणतात. गाजर गवतही त्याच परदेशी गव्हातून आलं असं गावागावांत सांगितलं जातं. खरंखोटं शास्त्रज्ञ बघून घेतील, पण लोकांच्या मनात त्या धान्याचा हिशेब कसा राहिला ते यातून कळतं.

त्या धान्याने जीव वाचले, हे कबूल करायलाच हवं. पण शाळेतलं अन्न म्हणजे कुठून तरी पोत्यातून येणारी वस्तू, ही सवय तिथून लागली. गावाचं काम फक्त पाणी घालून उकळायचं.

पुढे हरितक्रांती झाली, आपलीच गोदामं भरली. पोतं अमेरिकेचं जाऊन अन्न महामंडळाचं आलं.

१५ ऑगस्ट १९९५ ला नरसिंह रावांच्या सरकारने देशभराची पोषण आहार योजना सुरू केली, पहिल्या टप्प्यात २४०८ गटांत. कागदावर शिजवलेलं जेवण होतं. प्रत्यक्षात बहुतेक राज्यांनी, आपणही त्यात आलोच, कोरडा तांदूळ वाटला. ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो. माझा धाकटा भाऊ तेव्हा प्राथमिकला होता. महिन्यातून एक दिवस पोरं दप्तराऐवजी पिशव्या घेऊन जायची. आमच्या भागात घरोघरी भाकरी, त्यामुळे तो तांदूळ सणावाराला किंवा पाहुणा आला तर शिजायचा, काही घरांतून दुकानातही जायचा. ज्या पोराची हजेरी ८० टक्क्यांच्या खाली, म्हणजे जो ऊसतोडीला आईबापामागे गेला, ज्याला खरी गरज, त्यालाच नाही.

२००१ साली राजस्थानातून एक याचिका सुप्रीम कोर्टात गेली. गोदामं ओसंडून वाहतायत, धान्य कुजतंय, आणि जवळच माणसं उपाशी आहेत, असं त्या याचिकेचं म्हणणं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना अर्जदार. २८ नोव्हेंबर २००१ ला कोर्टाने आदेश दिला, की सरकारी आणि अनुदानित प्राथमिक शाळांत शिजवलेलंच जेवण द्या. किमान ३०० कॅलरी, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षातले किमान २०० दिवस. आपल्या झेडपीच्या शाळेत जी खिचडी शिजते तिचं मूळ त्या आदेशात आहे. २००४ च्या एप्रिलमध्ये कोर्टाने आणखी एक महत्त्वाचं सांगितलं, स्वयंपाकी नेमताना दलित आणि आदिवासी यांना प्राधान्य द्या. सातारच्या बोर्डिंगातली पंगत इथे कायद्याच्या भाषेत परत आली असं मला वाटतं. बऱ्याच गावांनी तिला कसा विरोध केला, हाही इतिहासच आहे, पण तो वेगळ्या पोस्टचा विषय.

आता पैशाचं बघू. इथे जरा थांबावं लागेल, कारण सेंद्रिय अन्नाची सगळी भाषणं इथे येऊन अडकतात.

धान्य केंद्राकडून फुकट येतं. बाकी सगळ्यासाठी, म्हणजे डाळ, तेल, मसाला, मीठ, भाजी आणि गॅस मिळून, पहिली ते पाचवीच्या पोरामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. सहावी ते आठवीला १० रुपये १७ पैसे. हा मे २०२५ पासूनचा दर. एसटी स्टँडवर चहाचा कप आता दहाला आहे. लहान पोराचं प्रमाण ठरलेलं आहे: १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल.

शंभर पोरांची शाळा धरा. दिवसाचे झाले ६७८ रुपये. दोन किलो डाळ, १२० रुपयांनी २४०. अर्धा किलो तेल, ७५. पाच किलो भाजी, ४० च्या भावाने २००. झाले ५१५. उरलेल्या १६३ रुपयांत गॅस, मसाला, मीठ, कांदा, भांडी घासायची पावडर. कागदावर बसतं. आता टोमॅटो ८० वर गेला की काय होतं? आणि 'सेंद्रिय' म्हणून भाजी दीडपट भावाने आणि डाळ त्याहून चढ्या दराने घ्यायची ठरली तर कुठून देणार? आता वीस पोरांची वस्तीशाळा धरा. तिला दिवसाला मिळतात साधारण १३५ रुपये. वीस पोरांची खिचडी शिजवायला लागणारा गॅस शंभर पोरांच्या पाचव्या हिश्श्याने लागत नाही, हे ज्याने कधी चूल पेटवली आहे त्याला माहीत आहे.

त्यात आपली रीत अशी, की ग्रामीण भागात डाळी, तेल, मसाले हा माल वरून ठरलेला पुरवठादार गाडीने टाकून जातो. शाळेच्या हातात रोख येते ती फक्त इंधन आणि भाजीपाल्याची, आणि तीही कधी तीन महिन्यांनी, कधी सहा. तोवर गुरुजी खिशातून घालतात किंवा किराणा दुकानात वही चालवतात. उधारीवर भाजी कोण देईल? बाजारातली बाई तर देणार नाही. मग भाजी म्हणजे बटाटा, कारण तो टिकतो आणि दुकानदार उधार देतो. शाळेच्या तक्त्यावर 'पालेभाज्यायुक्त डाळ' असं लिहिलेलं असतं, खाली पातेल्यात बटाट्याच्या चार फोडी.

आणि हे सगळं शिजवणाऱ्या ताईला महिना २५०० रुपये, वर्षातले दहाच महिने. २०२३ च्या आधी दीड हजारच होते. सकाळी नऊला येऊन तांदूळ निवडायचा, पाणी भरायचं, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची. आता तिलाच परसबागेला पाणी घालायचं कामही आलंय. "सेंद्रिय बिंद्रिय ठीक आहे साहेब, पण कोथिंबीर धुवायला पाणी कुठंय?" हा प्रश्न मला एका ताईंनी मार्चमध्ये विचारला होता. शाळेतला बोअर फेब्रुवारीतच बंद पडला होता.

मग 'विषमुक्त' हा शब्द फालतू आहे का? अजिबात नाही.

१६ जुलै २०१३. बिहारच्या सारण जिल्ह्यातलं गंडामन गाव. शाळेतलं जेवण खाऊन २३ मुलं गेली. तपासात निघालं, की अन्नात मोनोक्रोटोफॉस होतं. शेतावरच्या कीटकनाशकाचा डबा आणि स्वयंपाकाचं तेल यांची गाठ पडली होती. आपल्या चव रजिस्टरवर, म्हणजे आधी शिक्षकाने चाखायचं आणि मग पोरांना वाढायचं या नियमावर, जोर आला तो त्यानंतर. आणि २०१७ चं यवतमाळ आठवा. कपाशीवर फवारणी करताना एकट्या त्या जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले, कित्येकांची नजर गेली. त्यातले बरेच जण याच झेडपीच्या शाळेत जाणाऱ्या पोरांचे बाप होते. म्हणून पोराच्या ताटातल्या भेंडीवर काय मारलंय हा प्रश्न शहरातल्या हौशी लोकांचा नाही. तो गावाचाच आहे. जो फवारतो त्याचंच पोर खातं.

सरकारने यावर काढलेला उपाय म्हणजे परसबाग. २०१९ मध्ये केंद्राने शाळांतल्या पोषण बागांच्या सूचना काढल्या, आपल्या राज्यात त्याच्या स्पर्धाही होतात. मी अशा बऱ्याच बागा बघितल्या आहेत. काही खरंच सुरेख आहेत. एका डोंगराकडच्या शाळेत गुरुजींनी पोरांकडून हात धुण्याच्या पाण्याला चर काढून घेतला होता. त्यावर अळू, शेवगा, कढीपत्ता, दुधी, वालाचा मांडव, खाली तांदुळजा. शेवग्याचा पाला रोज थोडा डाळीत पडायचा. त्या पोरांना मी विचारलं, तर तिसरीतल्या पोरीने मला गांडूळखत चाळून कसं काढतात ते करून दाखवलं. दुसऱ्या एका शाळेत परीक्षण समिती येणार म्हणून रोपवाटिकेतून आणलेली रोपं आदल्या दिवशी लावलेली होती. पिशव्यासुद्धा काढल्या नव्हत्या.

पण चांगली बाग असली तरी गणित सुटत नाही. शंभर पोरांना रोज पाच किलो, दोनशे दिवसांचे हजार किलो. एक टन भाजी. शाळेच्या मागच्या अर्ध्या गुंठ्यातून, मे महिन्याची सुट्टी आणि गावातल्या शेळ्या सांभाळून, एवढी निघणार नाही. परसबाग ही शाळा म्हणून उत्तम आहे, पुरवठा म्हणून तोकडी आहे. भाजी विकतच घ्यावी लागेल. कुणाकडून आणि कशी, यावर सगळं आहे.

याच ठिकाणी ब्राझीलचं उदाहरण सांगतो. ब्राझील म्हटल्यावर हसू नका. त्यांची गोष्ट आपल्यासारखीच सुरू होते. तिथला शाळेच्या जेवणाचा कार्यक्रम १९५५ चा. पहिली वर्षं तिथेही परदेशातून आलेली दुधाची भुकटीच. पुढे कित्येक वर्षं राजधानीत बसून एकगठ्ठा खरेदी. भुकट्या, डबाबंद माल, मोजके पुरवठादार, आणि तो माल जंगलापलीकडच्या गावापर्यंत पोचेस्तोवर खराब. १९९४ मध्ये त्यांनी खरेदी राज्यांकडे आणि नगरपालिकांकडे सोपवली. आणि १६ जून २००९ ला कायदा केला, क्रमांक ११,९४७. त्याचं १४ वं कलम असं, की केंद्राकडून जेवणासाठी येणाऱ्या पैशातले किमान ३० टक्के लहान, कुटुंबाच्या शेतीतून आलेल्या मालावरच खर्च झाले पाहिजेत. जमीनवाटपातल्या वसाहती, आदिवासी, आणि पळून आलेल्या गुलामांच्या वंशजांची गावं यांना त्यात प्राधान्य.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कारकुनी आहे. नेहमीच्या टेंडरमध्ये लहान शेतकरी टिकत नाही. अनामत रक्कम, उलाढालीचा दाखला, तीन वर्षांचं ऑडिट, हे तो कुठून आणणार? म्हणून त्यांनी या खरेदीला टेंडरच्या अटीतून सूट दिली. नगरपालिका जाहीर आवाहन काढते: आम्हाला वर्षभरात इतका भोपळा, इतकी केळी, इतक्या शेंगा लागतील, दर हा. दर आधीच बाजार बघून ठरलेला, त्यामुळे भाव पाडायची शर्यत नाही. आणि सेंद्रिय माल असेल तर ३० टक्क्यांपर्यंत जास्त भाव देता येतो. प्रत्येक नगरपालिकेला आहारतज्ज्ञ नेमावाच लागतो, तो त्या भागात कोणत्या महिन्यात काय पिकतं ते बघून जेवण ठरवतो. सुमारे चार कोटी मुलं तिथे रोज जेवतात. आता नव्या कायद्याने २०२६ पासून ते ३० टक्के ४५ झाले आहेत.

सगळं गोड नाही. बऱ्याच नगरपालिकांना कित्येक वर्षं ३० टक्केही गाठता आले नाहीत. रस्ते नाहीत, शीतगृह नाही, शेतकऱ्यांचे गट कच्चे, आणि जुन्या पुरवठादारांशी जुने संबंध. ते सगळीकडेच असतात. पण कायद्यात टक्का लिहिलेला असल्यामुळे न गाठणाऱ्याला विचारता येतं. त्यांनी आधी खरेदीची रीत बदलली आणि सेंद्रियला त्यात जादा भावाची जागा करून दिली. आपण शब्द आधी आणतो, खरेदी तशीच ठेवतो.

आपल्याकडे उलट काय होतं ते अंड्यावरून बघा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्याने आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्यांना केळं. अंडं हे गावातच मिळणारं, ताजं, ज्यात भेसळ करता येत नाही असं अन्न. दोन कोंबड्या पाळणारी बाईसुद्धा ते शाळेला विकू शकते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने सांगितलं, अंड्यासाठी आणि साखरेसाठी वेगळा पैसा मिळणार नाही, द्यायचं असेल तर लोकसहभागातून द्या. ज्या गावात देणारे आहेत तिथे अंडं, जिथे नाहीत तिथे नाही. मुष्टिफंडाची आठवण काढून याचं कौतुक करणारेही मला भेटले. त्यांना एवढंच सांगायचं, की भाऊरावांनी मूठ मागितली तेव्हा सरकार परकं होतं.

आणि 'सेंद्रिय' प्रमाणपत्राचं एक सांगतो. उद्या सरकारने खरंच फतवा काढला, की शाळेत प्रमाणित सेंद्रियच माल घ्या, तर पहिला फायदा कुणाचा होईल? ज्याच्याकडे कागद आहे त्याचा. म्हणजे शहरातल्या पॅकिंगवाल्याचा. आमच्याकडची ती आजी, जिने आयुष्यात अंबाडीवर औषध मारलं नाही, तिच्याकडे कागद नसतो. शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या रानाची तपासणी करायची, अशी पीजीएस नावाची स्वस्त पद्धत आपल्याकडे आहे. केंद्राच्या परंपरागत कृषी योजनेत आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख मिशनमध्ये असे गट झालेतही. त्यांची यादी कृषी खात्याकडे असते. शाळांची यादी शिक्षण खात्याकडे असते. ही दोन ऑफिसं आमच्या पंचायत समितीच्या आवारात समोरासमोर आहेत.

आमच्याच तालुक्यात एका शाळेने हे जमवलं होतं. गावातल्या महिला बचत गटाच्या सहा-सात बायका पाटाच्या कडेला भाजी करतात, शेणखत आणि दशपर्णी अर्कावर. मुख्याध्यापकांनी शाळा व्यवस्थापन समितीत ठराव केला: मंगळवारी आणि शुक्रवारी पालेभाजी गटाकडून, बाजारभावाने, पैसे महिन्याच्या शेवटी. मेथी, शेपू, राजगिरा, पावसाळ्यात अंबाडी. शेपूला पोरांनी नाकं मुरडली, मग डाळीत घोटून दिली तेव्हा खपली. खिचडीत वाया जाणारं अन्न कमी झालं असं ताई सांगायच्या. त्यात गंमत अशी, की गटातल्या दोघी-तिघींची पोरं त्याच शाळेत. आईची मेथी पोराच्या ताटात, त्यामुळे फवारा मारायचा प्रश्नच नाही. कुठलं प्रमाणपत्र लागलं नाही.

दीड वर्ष चाललं. मग भाजीपाल्याचे पैसे पाच महिने आले नाहीत. पहिले दोन महिने मुख्याध्यापकांनी घरातून दिले, तिसऱ्या महिन्यात बायका म्हणाल्या, गुरुजी राहू द्या, तुम्ही तरी किती घालाल. चौथ्या महिन्यापासून त्यांनी ती भाजी आठवडे बाजारात न्यायला सुरुवात केली. नंतर पैसे आले, सगळे एकदम, पण तोवर एका व्यापाऱ्याने त्यांच्याशी रोजचं ठरवलं होतं. तो आता ती मेथी छोट्या टेम्पोने पुण्याला नेतो. तिथे ती 'सेंद्रिय' म्हणून विकली जाते, दर विचारू नका.

शाळेतल्या त्या ठरावाची नोंद वहीत अजून आहे, मी बघितली. खाली सगळ्या सदस्यांच्या सह्या आहेत, तिघांचे अंगठे. ठराव रद्द केलेला नाही. तुमच्या गावातल्या शाळेच्या समितीच्या वहीत असा काही ठराव आहे का, असेल तर चालू आहे का, आणि इंधन-भाजीपाल्याचे पैसे शेवटचे कोणत्या महिन्याचे आले, हे खाली कमेंटमध्ये लिहा. तालुक्याचं नाव टाका, शाळेचं आणि गुरुजींचं नाव टाकू नका, त्यांना नोटिसा येतात. पन्नास तालुक्यांचं जमलं की मी तक्ता करून इथेच टाकतो.